स्केलिंग करूनही चार महिन्यांत हिरड्यांतून पुन्हा रक्त? आधी जागा शोधा

तक्रार साधारण अशी असते. सकाळी ब्रश करून थुंकलं की बेसिनमध्ये गुलाबी रेघ. दातांच्या डॉक्टरकडे गेलं, स्केलिंग (म्हणजे अवजाराने दातांची सफाई) झालं, सोबत हिरड्यांना चोळायचं मलम आणि माउथवॉशची बाटली मिळाली. पंधरा दिवस झकास. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तीच गुलाबी रेघ. मग पेस्ट बदलायची, मग कुणी सांगितलं म्हणून मीठ-हळद-तेल, मग परत स्केलिंग. मी या चक्रात सात वर्षं फिरलो. सुटका झाली ती कुठल्या नव्या पेस्टने नाही, कालनिर्णयच्या जुन्या पानामागे केलेल्या एका नोंदीमुळे झाली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथे औषधं सांगणार नाही. पण डॉक्टरकडे जाताना हातात काय घेऊन जायचं, हे मला आता चांगलं कळतं.

आठ दिवस नुसतं बघा

कागदावर घोड्याच्या नालेसारख्या दोन कमानी काढा, एक वरच्या दातांची, एक खालच्या. रोज रात्री ब्रश करताना आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहा आणि रक्त नेमकं कुठल्या दातापाशी आलं तिथे लाल ठिपका द्या. दाताची गालाकडची बाजू की जिभेकडची, तेही लिहा. दोन दातांच्या मधून येतंय की दाताच्या समोरच्या कडेवरून, तेही. ‘हिरड्यांतून रक्त येतं’ या वाक्यातून डॉक्टरलासुद्धा फारसं काही कळत नाही. ‘खाली उजवीकडे, शेवटून दुसऱ्या दाढेच्या जिभेकडच्या बाजूने, रोज’ यातून पुष्कळ कळतं.

आठ दिवसांनी कागद बघा. ठिपके सगळीकडे पसरलेले असतील, एखाद्या पट्ट्यात गोळा झालेले असतील, नाहीतर एकाच जागी एकावर एक साचलेले असतील. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. आपण मात्र तिन्हींवर एकच औषध करत राहतो, ते म्हणजे स्केलिंग.

ठिपके सगळीकडे असतील तर

बहुतेकांच्या बाबतीत याचं कारण साधं असतं: हिरडीच्या कडेला रोज साचणारा मऊ, पांढरट, चिकट थर नीट निघत नाही. नखाने खरवडला तर येतो तोच. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या दंत महाविद्यालयात हारल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना चक्क दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडी बिघडायला दोन-तीन आठवडे लागतात आणि सुधारायला त्याहून कमी. हिशोब आपल्या बाजूचा आहे, पण रोजचा आहे. सहा महिन्यांतून एकदा केलेलं स्केलिंग त्यातले पहिले दोन-तीन आठवडे सांभाळतं, उरलेले पाच महिने आपल्यावर.

माझी सर्वांत मोठी चूक इथेच होती. रक्त येतंय म्हणजे जखम आहे, जखमेला धक्का नको, म्हणून मी त्या जागी ब्रश अलगद फिरवायचो. फार आलं तर चार दिवस ती बाजू सोडूनच द्यायचो आणि नुसती मिठाच्या पाण्याची चूळ भरायचो. थर तसाच राहायचा, सूज वाढायची, रक्त वाढायचं, मी आणखी घाबरायचो. खरं तर रक्त येणारी जागा सांगत असते की इथे साफ होत नाही. मऊ ब्रशने तिथेच जास्त वेळ द्यायचा. पहिले चार-सहा दिवस रक्त थोडं वाढतंही, मग ओसरतं. दोन आठवडे नेमाने करूनही ओसरलं नाही, तर मात्र कारण थराच्या पलीकडचं आहे असं समजा.

घासायची पद्धतही माझी उलटी होती. सुट्टीत गावाकडे राखुंडी बोटाने खसाखसा चोळायची सवय, तीच पुढे कडक ब्रशने आडवी चालू राहिली. त्याने दात वरून चकचकीत झाले आणि मुळाशी खाचा पडल्या, गार पाणी लागलं की दात शिवशिवायचे. ब्रशचे केस हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या सांध्यावर तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवायचे, एका वेळी दोन दात, जागच्या जागी छोटा थरथराट, मग पुढचे दोन. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा धरला की आपोआप जोर कमी लागतो. घड्याळ लावून दोन मिनिटं घासून बघा. मला वाटायचं मी पाच मिनिटं घासतो. मोजली तेव्हा पन्नास सेकंद निघाली.

सगळीकडून रक्त येण्याची दुसरी कारणं शरीरातली असतात, आणि ती ब्रशने बरी होत नाहीत. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर सुजतात आणि सावकाश बऱ्या होतात. हे उलट बाजूनेही चालतं: मधुमेह असलेल्या माणसाच्या हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची साखर सांगणारा आकडा) सरासरी ०.४ ने उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. गरोदरपणात हिरड्या हुळहुळ्या होतात. त्या काळात दात साफ करून घ्यायला हरकत नसते, उलट घ्यावेत, फक्त डॉक्टरला आधी सांगावं. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही रक्त लवकर येतं. यातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. ज्यांनी ते दिलं त्यांच्याशी बोलायचं.

आणि पावसाळ्यात ताप, अंगदुखी आणि त्यासोबत अचानक हिरड्यांतून रक्त असेल तर कागद, ठिपके, ब्रश सगळं बाजूला ठेवा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. डेंग्यूमध्ये ते धोक्याचं लक्षण असतं. तसंच हिरड्यांबरोबर नाकातूनही रक्त, अंगावर विनाकारण निळे डाग, वजन घटणं असं काही असेल तर आधी रक्ताची तपासणी, दात नंतर.

ठिपके पट्ट्यात असतील तर

माझ्या कागदावर दोन पट्टे होते. पहिला खालच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू. दुसरा वरच्या दाढांची गालाकडची बाजू. डॉक्टरबाईंनी कागद बघितला आणि हसून म्हणाल्या, “काका, हे नळाखाली क्षार साठतात तसं आहे.” लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं याच दोन जागी उघडतात: एक जोडी जिभेखाली, दुसरी गालाच्या आत वरच्या दाढांसमोर. लाळेत कॅल्शियम असतं. मऊ थर तिथे राहिला की दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो आणि बारा-पंधरा दिवसांत त्याचं पक्कं किटण होतं. किटण झालं की ब्रशचं काम संपलं, ते फक्त डॉक्टरच्या अवजाराने निघतं. म्हणून या दोन जागांपासून ब्रश सुरू करायचा. आपण सगळे समोरून दिसणाऱ्या दातांपासून सुरू करतो आणि जिभेकडची बाजू येईपर्यंत तोंडात फेस मावत नाही, मग थुंकून मोकळे होतो. मी आता पेस्ट न लावता कोरड्या ब्रशने आधी खालची आतली बाजू करतो, नंतर पेस्ट. एवढ्या एका फेरबदलाने पहिला पट्टा पाच आठवड्यांत पुसला गेला.

पट्टा वरच्या पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला असेल तर झोपेत तोंड उघडं राहतं का, हे घरच्यांना विचारा. घोरणाऱ्यांच्या आणि नाक चोंदलेल्यांच्या तिथल्या हिरड्या कोरड्या पडून लाल होतात.

आणि ठिपके सगळे दोन दातांच्या मधल्या त्रिकोणी हिरडीवर असतील तर ब्रश कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, कारण त्याचे केस तिथे पोचतच नाहीत. तिथे बारका बाटली-ब्रश लागतो. इंटरडेंटल ब्रश म्हणून मेडिकलमध्ये मागायचा. तो वेगवेगळ्या जाडीत येतो. फटीत थोडासा अडखळत जावा, पण मधली तार दाताला घासू नये, ही त्याची योग्य जाडी. मला पुढे एक आणि दाढांना दुसरा असे दोन लागतात. दात अगदी एकमेकांना चिकटलेले असतील तर दोरा, म्हणजे फ्लॉस. दिवसातून एकदा, रात्री. सेफ्टी पिन, आगकाडी, शाळेतलं कंपास यांचं नाव काढू नका. मी तिन्ही वापरली आहेत.

ठिपके एकाच जागी साचले असतील तर

इथे मी तीन वर्षं घालवली. डावीकडच्या वरच्या एका दाढेचं रूट कॅनाल करून कॅप बसवली होती. त्यानंतर त्या दाढेच्या मागच्या फटीत रोज काहीतरी अडकायचं. मटणाचा धागा, शेवग्याच्या शेंगेचं साल, कोथिंबिरीचा देठ. तिथून रोज रक्त. ज्यांनी कॅप बसवली त्यांना मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तोंडभर स्केलिंग करून मिळालं आणि कॅपकडे कुणी बघितलं नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एक छोटा एक्स-रे काढला. कॅपची कड दातापेक्षा बाहेर आलेली होती, एक छोटी कपारच तयार झाली होती. कॅप काढून नवी बसवली आणि महिनाभरात रक्त थांबलं.

एकच जागा सतत रक्त देत असेल तर तिथे काहीतरी बिघडलेलं असतं असं धरूनच चला. सिमेंट भरताना बाहेर आलेली कड, कॅपची कड, दोन दातांमध्ये पडलेली फट, अर्धवट बाहेर आलेली अक्कलदाढ आणि तिच्यावर बसलेली हिरडीची झापड, दोन दातांच्या मधली कीड, नाहीतर हिरडी दातापासून सुटून मुळापाशी खोल गेलेला खिसा. डॉक्टरला स्वच्छ सांगा, “मला स्केलिंग नको, या जागेचा एक्स-रे बघा.” आणि तिथे फोड, पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकली, तर ती दाखवायला एक दिवसही उशीर करू नका. तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

रक्त अजिबात येत नाही, पण दात हलतात

हा प्रकार सगळ्यात फसवा आहे, आणि तो मी घरातच बघितला. आमची आई साताऱ्याकडची. पहाटे चूल पेटली की तव्यावर तंबाखू भाजून त्याची मिश्री करायची, ती दिवसातून चार वेळा हिरड्यांना लावायची. “मिश्री न्हाई लावली तर डोकं चालत न्हाई,” हे तिचं वाक्य. तिच्या हिरड्यांतून आयुष्यात कधी रक्त आलेलं मला आठवत नाही, आणि मिश्रीने हिरड्या घट्ट राहतात याचा पुरावा म्हणून ती हेच सांगायची. बासष्टाव्या वर्षी तिला पूर्ण कवळी लागली.

तंबाखूतल्या निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत सूज असते, हाड झिजत असतं, पण रक्त बाहेर येत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचंही तेच. म्हणजे घराला आग लागली आहे आणि घंटेची तार कुणीतरी कापून ठेवली आहे. यातली दुसरी फसगत अशी की मिश्री सोडली की काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त यायला लागतं. आईने एकदा चार महिने सोडली होती. रक्त दिसलं तशी म्हणाली, “बघितलंस? सोडली म्हणून झालं.” आणि पुन्हा सुरू केली. ते रक्त म्हणजे हिरडीचा रक्तपुरवठा जागेवर येत असल्याची खूण होती, हे तेव्हा घरात कुणालाच कळलं नाही. भारतात दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी आली, पण घरच्या तव्यावर कुठला कायदा पोचणार? तुमच्या घरी कुणी मिश्री लावत असेल तर रक्ताची वाट बघू नका, वर्षातून एकदा हिरड्या मोजून घ्या.

मोजून म्हणजे खरोखर मोजून. डॉक्टरकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते. ती दात आणि हिरडीच्या मधल्या खिशात घालून खोली बघतात, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. १ ते ३ मि.मी. ठीक. ४ च्या पुढे लक्ष द्यायचं. ५-६ मि.मी. आत साचलेलं किटण नेहमीच्या वरवरच्या स्केलिंगने निघेलच असं नाही. त्याला हिरडी बधिर करून खोल सफाई लागते, काही वेळा हिरडी उचलून लहान शस्त्रक्रियाही. सात वर्षं माझे खिसे कुणी मोजलेच नव्हते, मीही कधी विचारलं नव्हतं. मोजले तेव्हा बहुतेक ३, पण सात जागी ५ आणि एका जागी ६ निघाले. तेव्हा कळलं की दर सहा महिन्यांनी मी वरवरचा केर काढत होतो. आकडे एका कागदावर लिहून मागा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर आकडा उतरला का, हीच उपचाराची परीक्षा.

‘स्केलिंगने दात हलायला लागतात’

प्रत्येक घरात एक काकू असतात ज्यांचे दात स्केलिंगनंतर हलायला लागले. हलतात ते हाड आधीच झिजलेलं असतं म्हणून. किटणाच्या भिंतीने दात एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. भिंत काढली की खरी अवस्था कळते आणि फटी दिसतात. स्केलिंगनंतरचं गार लागणं आठवडा-दोन आठवड्यांत कमी होतं. भिंत तशीच ठेवली तर दात हलताना जाणवत नाही आणि एक दिवस तो भिंतीसकट हातात येतो.

दुसरी काकू, किंवा बहुधा आजोबा, असे असतात की त्यांनी आयुष्यभर बाभळीची काडी चघळली आणि नव्वदीत ऊस खाल्ला. असे आजोबा खरंच असतात. १९७० ते १९८५ या काळात श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० मजुरांच्या हिरड्या वर्षानुवर्षं तपासल्या गेल्या. त्यांना दातांचे कुठलेच उपचार मिळत नव्हते. त्यातले ११ टक्के असे निघाले की किटण असूनही त्यांचं हाड झिजलं नाही. ८ टक्के लोकांचं भराभर झिजलं आणि उरलेले ८१ टक्के मधले, हळूहळू झिजणारे. हे अभ्यासही त्याच लो यांच्या गटाचे. आजोबा त्या ११ टक्क्यांमधले होते. तुम्ही कुठल्या गटात आहात हे कपाळावर लिहिलेलं नसतं, आणि नात्याने तो गट मिळतोच असंही नाही.

उलट बाजूचा दाखला स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावचा. १९७१-७२ मध्ये तिथे पेर अॅक्सेलसन आणि यान लिंडे यांनी ३७५ मोठ्या माणसांना दातांच्या फटी स्वतः साफ करायला शिकवलं आणि ठरावीक काळाने तपासणी-सफाई चालू ठेवली. तीस वर्षांनी २५७ जण शिल्लक होते. त्यांचे सरासरी दोनहून कमी दात गेले होते, आणि त्यातले बरेचसे हिरड्यांमुळे नाही, मुळं तडकल्यामुळे. शेवटच्या टप्प्यात यातल्या सुमारे ६० टक्के लोकांना वर्षातून एकदाच बोलवावं लागायचं आणि १० टक्क्यांना तीन ते सहा वेळा. म्हणून ‘दर सहा महिन्यांनी’ हा आकडा सगळ्यांना सारखा नाही. माझे खिसे खोल निघाल्यावर मला तीन महिन्यांनी बोलावतात, बायकोला वर्षाने.

थोडं सामानाविषयी

पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का, हे डब्यावर वाचा. आपल्याकडे त्याची कमाल मर्यादा १,००० पीपीएम आहे, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते नसतं. हिरडी खाली गेली की उघडं पडलेलं मूळ लवकर किडतं, तिथे फ्लोराइड लागतंच. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस, साधारण दोन आठवडे. पुढे चालू ठेवलात तर दात तपकिरी होतात, चहाची चव जाते, आणि रक्त थांबल्याचा समाधानी भास तेवढा होतो. पेस्टनंतर लगेच तो घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. आवळा, तुरटी यांवर माझा राग नाही. फक्त किटण त्यांनी निघत नाही.

पैशांची अडचण असेल तर मुंबईत नायर दंत महाविद्यालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. रांग मोठी असते, विद्यार्थी काम करतात, वेळ लागतो. पण खिसे मोजल्याशिवाय ते सोडत नाहीत, आणि मागे शिक्षक उभे असतात.

माझ्या कागदावर आता एकच ठिपका उरला आहे. वर उजवीकडे, शेवटच्या दाढेच्या मागच्या अंगाला. तिथे जाडा इंटरडेंटल ब्रश वाकडा करून घालावा लागतो आणि आठवड्यातून दोनदा तरी मी कंटाळा करतो. गेल्या वेळचा आकडा ५ होता, त्याआधीचा ६. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे.